व्हिडिओ कॉलर आयडी लावला, पण समोरच्याला दिसत नाही (किंवा चार दिवस दिसतो आणि बंद पडतो)

तक्रार ठरलेली असते. ट्रूकॉलरमध्ये (फोन कोणाचा येतोय ते दाखवणारं ॲप) व्हिडिओ कॉलर आयडी, म्हणजे आपण फोन केला की समोरच्याच्या पडद्यावर दिसणारा स्वतःचा छोटा व्हिडिओ, लावला, ॲप उघडून बघितलं तर तो छान चालतोय, पण ज्याला फोन केला त्याच्या फोनवर नुसतं नाव येतं. किंवा काही दिवस दिसला आणि मग दिसेनासा झाला. काढून परत लावला की पुन्हा थोडे दिवस चालतो, पुन्हा गायब. मंडपवाले, केटरर, मेंदी काढणाऱ्या ताई, जिमवाले, पॅनेल उभं करणारे गावचे कार्यकर्ते, सगळ्यांची हीच रड. कराडमध्ये मोबाईलचं दुकान चालवताना हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण ती कळली की अर्धं काम होतं. दोष बहुतेक वेळा तुमच्या फोनमध्ये नसतो. ज्या फोनवर व्हिडिओ दिसायला हवा, त्या फोनमध्ये असतो. तुम्ही कितीही वेळा व्हिडिओ बदला, फोन बंद करून चालू करा, ॲप काढून परत टाका, समोरच्या फोनची एखादी सेटिंग बंद असेल तर काहीही फरक पडणार नाही. त्यामुळे एकट्याने, एकाच फोनवर बसून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू नका. दुसरा फोन आणि तो हातात धरणारा माणूस शेजारी पाहिजे.

व्हिडिओ येतो कुठून

आपण फोन लावतो तेव्हा मोबाईल नेटवर्कमधून समोरच्याकडे आपला नंबर जातो. व्हिडिओ त्या कॉलबरोबर जात नाही. समोरच्या फोनमधलं ॲप तो नंबर वाचतं, इंटरनेटवरून ट्रूकॉलर कंपनीच्या सर्व्हरला विचारतं, की या नंबरने काही व्हिडिओ लावलाय का, आणि लावला असेल तर तो मागवून रिंग वाजत असतानाच पडद्यावर दाखवतं. ट्रायच्या, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे नोव्हेंबर २०१९ पासून आपल्याकडे मोबाईलची रिंग उत्तर न मिळाल्यास ३० सेकंद वाजते. पण एवढा वेळ थांबतो कोण? माणूस पाच-सात सेकंदांत फोन उचलतो. एवढ्या वेळात ॲपला जाग यायला हवी, इंटरनेट मिळायला हवं आणि पडद्यावर यायची परवानगी हवी. यातलं एक जरी अडलं, तरी येतं ते नुसतं नाव, किंवा तेही नाही.

म्हणजे समोरच्याकडे तेच ॲप असणं ही पहिली अट. ट्रूकॉलरने ही सोय भारतात नोव्हेंबर २०२१ मध्ये, बाराव्या आवृत्तीबरोबर, अँड्रॉइड फोनसाठी आणली. ज्यांच्याकडे हे ॲपच नाही, त्यांना तुमचा व्हिडिओ दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ऐकायला हे उघड वाटतं, पण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दिशा उलटी धरू नका

कॉलर ट्यूनची सवय इतकी मुरली आहे की लोक दिशा उलटी धरतात. कॉलर ट्यून ऐकू येते ती तुम्हाला फोन करणाऱ्याला. व्हिडिओ कॉलर आयडी दिसतो तो तुम्ही ज्याला फोन करता त्याला. एक ताई आल्या होत्या, ब्रायडल मेकअपचं काम करतात. म्हणाल्या, "दादा, एवढा खर्च करून व्हिडिओ करून घेतला, पण गिऱ्हाईक फोन करतंय तर त्याला काहीच दिसत नाही." बरोबर आहे, दिसणारच नाही. गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा गिऱ्हाइकाचा व्हिडिओ ताईंना दिसेल, असला तर. ताईंचा व्हिडिओ दिसायला ताईंनी फोन करायला हवा. त्यांच्या धंद्यात चौकशीचे फोन येतात जास्त, जातात कमी, म्हणून त्यांना मी सरळ सांगितलं की तुमच्या कामाला व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग जास्त उपयोगी आहे, तिथे फोटो लावा. डिलिव्हरीवाले, वसुलीवाले, पाहुण्यांना फोनवरून आमंत्रण देणारे, म्हणजे ज्यांचे फोन बाहेर जास्त जातात, त्यांना व्हिडिओचा खरा उपयोग.

काही जणांना हवं असतं ते तिसरंच. आईचा फोन आला की आपल्या फोनवर आईचा फोटो पडदाभर दिसावा, एवढंच. त्याला व्हिडिओ कॉलर आयडीची गरज नाही आणि इंटरनेटचीही नाही. कॉन्टॅक्टमध्ये फोटो लावा. गूगलच्या फोन ॲपमध्ये २०२५ पासून कॉलिंग कार्ड आलं आहे, त्यात त्या माणसाचा मोठा फोटो आणि नावाचा फाँट निवडता येतो. सॅमसंगच्या फोनमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये कॉल बॅकग्राउंड आहे, तिथे कॉलच्या पडद्यामागे व्हिडिओसुद्धा ठेवता येतो. हे सगळं तुमच्याच फोनवर, तुमच्यासाठी. समोरच्याला यातलं काही दिसत नाही. "लावलाय, पण त्याला दिसत नाही" म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण कॉल बॅकग्राउंड लावून बसलेले असतात.

आणि व्हॉट्सॲपवरून केलेला कॉल व्हॉट्सॲपच्याच पडद्यावर वाजतो, तिथे तुमचा व्हॉट्सॲपचा डीपी दिसतो. तपासणी करताना साधा कॉल करा.

तपासणी कशी करायची

दोन्ही फोन टेबलावर ठेवा. ज्या फोनवर व्हिडिओ दिसायला हवा त्यावर तुमचा नंबर सेव्ह केलेला असू दे, कारण व्हिडिओ कोणाला दिसावा याचा पर्याय फक्त आपल्या कॉन्टॅक्टपुरता ठेवलेला असू शकतो. तुमच्याही फोनमध्ये त्याचा नंबर सेव्ह हवा. त्या फोनच्या ॲपमध्ये सेटिंग्जमधली व्हिडिओ कॉलर आयडीची नोंद उघडून बघा, येणारे व्हिडिओ दाखवणं बंद तर केलेलं नाही ना. डेटा वाचवायला हौसेने बंद करणारे लोक आहेत.

मग चार वेळा फोन करा. एकदा तो फोन वायफायवर आणि पडदा बंद. एकदा वायफायवरच, पण पडदा चालू ठेवून, समजा यूट्यूब उघडं असताना. मग वायफाय काढून मोबाईल डेटावर, पडदा बंद. शेवटी डेटावर, पण त्याआधी तो फोन अर्धा-पाऊण तास नुसता पडून असू दे. शेवटची तपासणी लोक टाळतात, वेळ जातो म्हणून. पण "चार दिवसांनी बंद पडतो" या रोगाचं मूळ तिथेच सापडतं.

आता कुठल्या वेळी दिसला आणि कुठल्या वेळी नाही, यावरून दोष कळतो.

पडदा बंद असताना दिसला, पण यूट्यूब चालू असताना नुसती वर पट्टी आली, तर काहीही बिघडलेलं नाही. फोन वापरात असेल तर अँड्रॉइड येणारा कॉल पडदाभर न दाखवता वर पट्टीत दाखवतो, म्हणजे चालू काम मध्येच तुटत नाही. सॅमसंगमध्ये फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये "ॲप वापरताना कॉल कसा दिसावा" अशी निवड आहे, तिथे पडदाभर निवडता येतं. पण ते सॅमसंगच्या स्वतःच्या फोन ॲपपुरतं.

वायफायवर दिसला, डेटावर नाही. हे दुखणं सगळ्यात जास्त आढळतं, आणि याचं कारण लोकांना पटायला वेळ लागतो.

मंडपवाल्या अण्णांचा किस्सा सांगतो. त्यांनी पोराकडून व्हिडिओ करून घेतला होता, फुलांची कमान, खाली त्यांचं नाव, झकास. तक्रार अशी की "भाच्याला दिसतोय, पण कधी दिसतोय कधी न्हाई." भाच्याला घेऊनच आले. दुकानाच्या वायफायवर भाच्याचा फोन लावला, काउंटरच्या काचेवर ठेवला, अण्णांनी फोन केला, कमान आली. वायफाय बंद करून पुन्हा केला, तर नुसतं "मामा" असं नाव. भाच्याचा डेटा तर चालू होता, यूट्यूब पळत होतं. मग वरच्या कोपऱ्यात बघितलं. दोन सिम. फोन येतात पहिल्या सिमवर, जुना नंबर, सगळ्या नात्यागोत्यात तोच दिलेला. डेटाचं रिचार्ज दुसऱ्या सिमवर, कारण तिथे पॅक स्वस्त. आपल्याकडच्या बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू झाला की दुसऱ्या सिमचं इंटरनेट थांबतं. म्हणजे अण्णांचा फोन वाजायला लागला की ज्या इंटरनेटवरून व्हिडिओ यायचा तेच बंद. भाच्याला कधीमधी दिसत होता तो घरी, वायफायवर.

यावर उपाय दोन. एक म्हणजे ज्या सिमवर फोन येतात त्याच सिमवर डेटा ठेवा. दुसरा, सिमच्या सेटिंग्जमध्ये कॉलदरम्यान डेटा दुसऱ्या सिमवर वळवायची सोय असेल तर ती चालू करा. पण तेव्हा त्या सिमवरही डेटा पॅक हवा. शिवाय त्या सिमचं व्हीओएलटीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल चालवायची सोय, चालू पाहिजे. ते बंद असेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून जुन्या नेटवर्कवर उतरतो आणि इंटरनेट रांगतं किंवा थांबतं. जिओच्या सिमवर हा प्रश्न येत नाही, कारण त्यांच्याकडे उतरायला जुनं २जी-३जी नेटवर्कच नाही. बाकीच्या सिमवर, विशेषतः जुना हँडसेट असेल तर, हे आवर्जून बघा. डेटा सेव्हर चालू असेल तर तो बंद करा किंवा निदान या ॲपला त्यातून सूट द्या.

दोन सिमचा घोटाळा तुमच्या बाजूनेही होऊ शकतो. ॲपमध्ये खातं एका नंबरवर उघडलेलं असतं. तुम्ही फोन केला दुसऱ्या सिमवरून, तर समोरच्याकडे जाणारा नंबर वेगळा, आणि त्या नंबरचा व्हिडिओच नाही. कॉल लावताना कुठलं सिम निवडलं जातंय ते बघा. दुबईत, पुण्यात किंवा न्यू जर्सीत असलेली मुलं इकडच्या नंबरवर खातं ठेवतात आणि फोन तिकडच्या नंबरवरून करतात, त्यांचंही हेच.

कुठल्याच वेळी दिसला नाही, आणि नावही ॲपचं न येता फोनचंच येतंय, तर परवानगीचा प्रश्न. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स, त्यात "कॉलर आयडी अँड स्पॅम" अशी नोंद असते. अँड्रॉइड १० पासून येणारा नंबर तपासण्याचं काम तिथे निवडलेल्या ॲपकडे जातं. तिथे ट्रूकॉलर निवडलेलं हवं. त्याखेरीज "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स" ही परवानगी, म्हणजे दुसऱ्या कशाच्याही वर चित्र दाखवायची मुभा. अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी मागितली जाते, ती घाईत नाकारलेली असते. फोन आणि कॉन्टॅक्टची परवानगी लोक सहसा देतातच.

व्हिडिओ छोट्या खिडकीत येतो, पडदाभर येत नाही, अशीही तक्रार असते. येणाऱ्या कॉलचा पूर्ण पडदा रंगवण्याचा हक्क अँड्रॉइड फक्त डिफॉल्ट फोन ॲपला, म्हणजे कॉल लावायला-उचलायला फोनने ठरवलेल्या मुख्य ॲपला, देतो. पडदाभर हवा असेल तर समोरच्याला ट्रूकॉलर हेच डिफॉल्ट फोन ॲप करावं लागेल आणि कॉलर आयडीची शैली फुल स्क्रीन ठेवावी लागेल. इथे माझं मत स्पष्ट आहे. तरुण पोरांना करायचं तर करू दे. आई-वडील, आजी-आजोबा यांच्या फोनमध्ये निव्वळ तुमचा व्हिडिओ मोठा दिसावा म्हणून डिफॉल्ट फोन ॲप बदलू नका. फोन ॲप बदललं की हिरवं बटण दुसरीकडे जातं, उचलायची पद्धत बदलते, आणि फोन वाजत असताना म्हातारं माणूस गांगरून जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलच्या फोन ॲपचं रूप अपडेटने बदललं, तेव्हा "फोनला काहीतरी झालंय" म्हणत घाबरून आलेली ज्येष्ठ मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या फोनमध्ये कॉन्टॅक्टला तुमचा एक चांगला, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो लावून द्या. इंटरनेट असो नसो, दिसेल.

परत परत बंद का पडतो

आता मूळ दुखणं. ताजा ताजा दिसतो आणि फोन तासभर पडून राहिला की दिसत नाही, किंवा काही दिवसांनी बंदच होतो.

आपल्याकडे खपणाऱ्या बहुतेक फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी कंपनीने स्वतःची व्यवस्था घातलेली असते. पडद्यामागे चालणारी ॲप्स ती झोपवते. कॉल आला की ॲपला जाग यायला हवी, पण उठायचीच मनाई असेल तर रिंग संपली तरी ते येत नाही. ही मुभा एकेका कंपनीच्या फोनमध्ये एकेका ठिकाणी आहे, आणि लक्षात ठेवा, हे सगळं समोरच्याच्या फोनमध्ये करायचं आहे.

शाओमी, रेडमी आणि पोको: सेटिंग्ज, ॲप्स, मॅनेज ॲप्स, ट्रूकॉलर. तिथे ऑटोस्टार्ट चालू करा. बॅटरी सेव्हरमध्ये "नो रिस्ट्रिक्शन्स" निवडा. मग "अदर परमिशन्स" उघडा. ही यादी लोक कधीच उघडत नाहीत, आणि खरी किल्ली तिथेच असते. "शो ऑन लॉक स्क्रीन" आणि "डिस्प्ले पॉप-अप विंडोज व्हाइल रनिंग इन द बॅकग्राउंड" या दोन्ही ओळी चालू पाहिजेत. नेहमीची "डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स" दिली म्हणजे झालं असं समजून लोक थांबतात, पण या फोनमध्ये पडद्यामागून वर यायची मुभा वेगळी आहे. पहिली ओळ बंद असेल तर पडदा बंद असताना व्हिडिओ येत नाही, उघडा असताना येतो. दुसरी बंद असेल तर ॲप उघडं ठेवून तपासलं की येतो, एरवी नाही.

विवोमध्येही असंच, लॉक स्क्रीनवर दिसणं आणि पडद्यामागून पॉप-अप दाखवणं या परवानग्या ॲपच्या परवानग्यांत वेगळ्या आहेत. शिवाय बॅटरीच्या सेटिंगमध्ये पडद्यामागे जास्त बॅटरी वापरायची मुभा या ॲपला द्यावी लागते. ओप्पो, रिअलमी आणि वनप्लसमध्ये ॲपच्या माहितीत बॅटरी युसेज उघडा, "अलाऊ ऑटो लाँच" आणि "अलाऊ बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी" दोन्ही चालू. सॅमसंगमध्ये बॅटरी, बॅकग्राउंड युसेज लिमिट्स, आणि ॲप "नेव्हर ऑटो स्लीपिंग ॲप्स"च्या यादीत टाका. "डीप स्लीपिंग"च्या यादीत असेल तर आधी काढा. मोटोरोला, पिक्सेल वगैरेंमध्ये ॲपच्या बॅटरीसमोर "अनरिस्ट्रिक्टेड" एवढं पुरे.

हे एकदा केलं की कायमचं झालं असं नाही. मोठं सिस्टिम अपडेट आल्यावर पुन्हा एकदा सगळं बघा, काही सेटिंग्ज पूर्वपदावर गेलेल्या असू शकतात. दुसरं म्हणजे अँड्रॉइड ११ पासून काही महिने ॲप उघडलं नाही तर फोन त्याच्या परवानग्या आपण होऊन काढून घेतो. आधी ही सोय नवीन फोनपुरती होती, पुढे जुन्या फोनपर्यंतही पोचली. ट्रूकॉलरसारखं ॲप कोणी मुद्दाम उघडत नाही, ते आपलं मागे काम करत असतं, त्यामुळे ॲपच्या माहितीत सगळ्यात खाली "न वापरल्यास ॲपची हालचाल थांबवा" अशा अर्थाचं बटण असतं ते बंद करून टाका.

तिसरं कारण सवयीचं. दर थोड्या वेळाने रिसेंट ॲप्स उघडून सगळं झाडून टाकायचं, म्हणजे फोन फास्ट चालतो, ही समजूत घट्ट बसली आहे. काही फोनमध्ये तसं केल्याने ॲप नुसतं बाजूला होत नाही, पूर्ण बंद पडतं. रिसेंटमध्ये ट्रूकॉलरच्या कार्डावर दाबून धरा, कुलपाचं चिन्ह आलं तर ते लावा. मग सगळं झाडलं तरी ते राहतं. आणि ते रॉकेटवालं क्लीनर ॲप फोनमध्ये असेल तर काढून टाका, कशाच्याच कामाचं नाही. आताच्या अँड्रॉइडला रॅम सांभाळता येते.

आयफोनवाल्यांसाठी

समोर आयफोन असेल तर तुमचा व्हिडिओ तिथे वाजणार नाही. येणाऱ्या कॉलच्या पडद्यावर बाहेरच्या ॲपने स्वतःचा व्हिडिओ चालवणं ॲपल होऊ देत नाही, बाहेरचं ॲप तिथे नावापुरतंच पोचतं. कितीही सेटिंग्ज फिरवल्या तरी हे बदलत नाही, त्यामुळे वेळ घालवू नका.

आयफोनवरून आयफोनवर मात्र कॉन्टॅक्ट पोस्टर आहे, सप्टेंबर २०२३ च्या आयओएस १७ पासून. त्यात फोटो, मेमोजी (स्वतःसारखं दिसणारं कार्टून) किंवा आद्याक्षरं लावता येतात. ते समोरच्याला दिसत नसेल तर कॉन्टॅक्ट्समध्ये सगळ्यात वर स्वतःचं कार्ड उघडा, नाव-फोटो शेअरिंग चालू आहे का आणि ते "कॉन्टॅक्ट्स ओन्ली" आहे का ते बघा. तसं असेल तर तुमच्या फोनमध्ये त्याचा नंबर सेव्ह असायला हवा. आयमेसेज चालू हवा, आणि आयक्लाउड व आयमेसेज एकाच खात्यावर हवेत. घरात जुना आयफोन हस्ते-परहस्ते फिरलेला असेल तर आयक्लाउड एकाचं आणि आयमेसेज दुसऱ्याचं, असं असतं. तिथेच अडतं.

नाव वेगळंच येतंय

व्हिडिओ तुमचा, पण नाव दुसऱ्याचं, हा प्रकार आता वाढणार आहे. मोबाईल कंपन्यांकडूनच फोन करणाऱ्याचं नाव दाखवायच्या सोयीची, म्हणजे सीएनएपीची, शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. त्यात नाव येतं ते सिम घेताना भरलेल्या अर्जावरचं. आपल्याकडे वडिलांच्या, बायकोच्या, कधी मामाच्या नावावर सिम घेतलेलं असतं. केटरिंगवाल्या दादांचा व्हिडिओ कितीही झोकात असला, तरी जिथे ही सोय चालू आहे तिथे नाव वहिनींचंच दिसेल. ॲपमध्ये जाऊन ते बदलणार नाही, त्यासाठी सिम आपल्या नावावर करून घ्यावं लागेल. ॲपमधलं नाव चुकलं असेल तर ते मात्र प्रोफाइलमध्ये दुरुस्त होतं.

व्हिडिओ करताना

उभा व्हिडिओ घ्या. आडवा घेतला की कडा कापल्या जातात आणि नाव नेमकं कडेला असतं. चेहरा किंवा मुख्य गोष्ट मधोमध, वरचा आणि खालचा भाग मोकळा, कारण वर नाव येतं आणि खाली उचलायची बटणं. आवाजावर काहीही अवलंबून ठेवू नका, "नमस्कार, मी अमुक बोलतोय" हे तोंडाने म्हणण्यापेक्षा अक्षरात दिसू दे. पहिल्या दोन सेकंदांत जे दाखवायचं ते दाखवा, हळूहळू उलगडणारी कमान फोन उचलण्याआधी पूर्ण उघडतच नाही. अण्णांची कमान आम्ही शेवटी आधीच उघडी ठेवली.

बायकांनी आणि मुलींनी व्हिडिओ कोणाला दिसेल हे ठरवूनच चेहरा दाखवावा. कुरिअरवाल्याला, गॅसवाल्याला, प्लंबरला आपण फोन करतोच, आणि कॉन्टॅक्टपुरता मर्यादित नसेल तर त्यांच्याही फोनवर तो जाऊ शकतो. मेंदीवाल्या ताईंनी स्वतःच्या चेहऱ्याऐवजी मेंदी रेखणारा हात दाखवला, काम तेच झालं. लहान मुलांचे व्हिडिओ लावू नका असंच मी सांगतो.

आणि एक कळकळीची विनंती. "व्हिडिओ रिंगटोन", "कलर कॉल स्क्रीन" अशा नावांची ॲप्स व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची फाईल, म्हणून फिरतात. ती टाकू नका. या सोयीसाठी ज्या परवानग्या लागतात, म्हणजे कॉन्टॅक्ट, कॉल आणि इतर ॲप्सच्या वर दिसणं, त्याच परवानग्या चोराला हव्या असतात. पडद्यावर बँकेच्या ॲपसारखं दिसणारं चित्र वर टाकून पिन काढून घेता येतो. असं ॲप ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची, परवानगी मागत असेल तर तिथल्या तिथे काढून टाका. व्हिडिओ दाखवायला तिची काहीही गरज नसते. बाहेरून टाकलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ आणि पुढे फोन ही परवानगी सहज देऊ देत नाही, "रिस्ट्रिक्टेड सेटिंग" असा निरोप येतो. तो निरोप टाळायचे मार्ग शोधत बसू नका, तो तुमच्या भल्यासाठीच आहे. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड.

नंबर बदलणार असाल तर

सिम बंद करण्याआधी ॲपमधला व्हिडिओ काढा आणि खातं बंद करा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि तुमचं नाव त्या नंबरला चिकटलेलं असेल तर तो नवा माणूस फोन करेल तेव्हा लोकांना तुम्हीच दिसाल. उलटही होतं: नवीन सिम घेतलं आणि लोकांना भलत्याच माणसाचं नाव दिसायला लागलं, तर आधी त्या नंबरवर स्वतःचं खातं उघडून प्रोफाइल भरा, एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि मगच व्हिडिओ लावायला घ्या.